डोंगरातल्या लढाईत हेलिकॉप्टर का पडतं

२७ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी श्रीनगरहून उडालेलं हवाई दलाचं एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टर काही मिनिटांतच बडगामजवळ कोसळलं. आतले सहाही जण गेले, खाली असलेला एक गावकरीही गेला. त्या सहांमध्ये नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. त्याच वेळी नियंत्रण रेषेवर भारत आणि पाकिस्तानची लढाऊ विमानं एकमेकांना भिडली होती. सगळ्या देशाचे डोळे पाकिस्तानच्या ताब्यात सापडलेले वैमानिक अभिनंदन वर्धमान यांच्याकडे लागले होते. बडगामची बातमी त्या गदारोळात मागे पडली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी हवाई दल प्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी उघडपणे मान्य केलं की हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं आणि ही आपली मोठी चूक होती. हेलिकॉप्टर रशियाचं, क्षेपणास्त्राची स्पायडर यंत्रणा इस्रायलची, आणि जिवानिशी गेलेली माणसं आपली.

डोंगराळ सीमेवर गेली साठ वर्षं आपण हेलिकॉप्टरं उडवतो आहोत, आणि ती पडतही आहेत. प्रत्येक वेळी चर्चा दोनच गोष्टींवर येऊन थांबते : शत्रूने पाडलं का, आणि यामागे कुठल्या परक्या देशाचा हात आहे का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण अपुरे आहेत. सगळी प्रकरणं एकापुढे एक मांडली की माझ्यापुढे वेगळंच चित्र उभं राहतं. शत्रूच्या माऱ्याने गेलेली हेलिकॉप्टरं मोजकी आहेत. विरळ हवा, ढग, वय झालेली यंत्रं आणि वेळेवर न बसवलेली लहानसहान उपकरणं यांनी घेतलेले बळी त्यांच्याहून अधिक आहेत. परका हात म्हणाल तर तो कायमच आहे, दोन्ही बाजूंना आहे, आणि आपल्याच कारखान्याच्या लायसन्समध्येही आहे.

सुरुवात १९६२ पासून करावी लागते. नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलात, थागला कड्याखालच्या त्सांगधर इथे रसद उतरवायला आणि जखमी काढायला हेलिकॉप्टरशिवाय इलाज नव्हता. हवाई दलाची रशियन एमआय-४ आणि अमेरिकी बेल-४७ हेलिकॉप्टरं तिथे कामाला होती. शीतयुद्धातल्या दोन शत्रूंची यंत्रं एकाच दरीत आपल्यासाठी घिरट्या घालत होती. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला सुरू झाला त्याच सकाळी स्क्वाड्रन लीडर विनोद सहगल त्सांगधरला बेल-४७ घेऊन गेले. सोबत लष्कराचे मेजर राम सिंग होते. दोघंही परतले नाहीत. शोधासाठी गेलेलं एमआय-४ गोळीबारात सापडलं आणि त्याला मिळेल तिथे उतरावं लागलं. खालचं ठाणं शत्रूच्या ताब्यात गेलंय हे वर उडणाऱ्याला कळवण्याची सोयच नव्हती.

त्या महिनाभरात परदेशी मदतीचं जे चित्र दिसलं ते आजही बोधप्रद आहे. चुशूलच्या बचावासाठी एएमएक्स-१३ रणगाडे रशियन एएन-१२ विमानांतून लडाखला चढवले गेले. ते रणगाडे फ्रेंच बनावटीचे होते. नोव्हेंबरात नेहरूंनी केनेडींना पत्रं लिहून लढाऊ विमानांच्या तुकड्यांची मागणी केली. अमेरिकेची सी-१३० मालवाहू विमानं स्वतःच्या वैमानिकांसह भारतात आली आणि लेहकडे रसद नेऊ लागली. कृष्ण मेनन पायउतार झाले आणि संरक्षण खातं यशवंतराव चव्हाणांकडे आलं. अलिप्ततेची भाषा चालूच राहिली, पण डोंगरात अडकलेल्या जवानापर्यंत पोचण्यासाठी आपण मिळेल त्याचा हात धरला. त्यात गैर काही नव्हतं. गैर होतं ते एवढंच की ही तजवीज हल्ला झाल्यावर सुरू झाली.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण त्यावाचून पुढचं काहीच नीट समजत नाही. हेलिकॉप्टर हवेला खाली ढकलून वर उचललं जातं. समुद्रसपाटीपासून सहा हजार मीटरवर हवेची घनता जवळजवळ निम्म्यावर येते. पात्यांना ढकलायला हवाच कमी, आणि इंजिनाला जाळायलाही कमी. दिवस चढला, ऊन तापलं की ती आणखी विरळ होते, म्हणून डोंगरातली उड्डाणं शक्यतो सकाळी लवकर उरकतात. दुपारी दऱ्यांतून वारे उसळतात, ढग कड्यांना चिकटतात. बर्फावर उतरताना पात्यांच्या वाऱ्याने भुसभुशीत बर्फ उडून चहूबाजूंनी पांढरा पडदा उभा राहतो आणि वैमानिकाला जमीन किती खाली आहे तेच दिसेनासं होतं. सियाचिनच्या सर्वांत वरच्या ठाण्यांवर चीता हेलिकॉप्टर जेमतेम एखाद-दोन जेरीकॅनएवढं वजन नेऊ शकतं. एवढ्या केरोसिनसाठी दोन वैमानिक जीव पणाला लावून वर जातात, काही सेकंद टेकतात, माल ढकलतात आणि निघतात. हेलिकॉप्टरं जोडीने जातात, म्हणजे एक बसलं तर दुसऱ्याला ते कुठे बसलं हे तरी कळावं.

चीता हे आपल्या डोंगरी लष्कराचं खरं वाहन, आणि त्याचा जन्मच मुळी आपल्या मागणीतून झाला. साठच्या दशकाच्या शेवटी भारताला उंचावर चालणारं हलकं हेलिकॉप्टर हवं होतं. फ्रेंचांनी अलूएत-२ ची काटक, हलकी सांगाडी चौकट घेतली, तिच्यावर अलूएत-३ चं दणकट इंजिन बसवलं आणि १९६९ मध्ये लामा उडवलं. इंजिनाची पूर्ण ताकद खाली वापरायचीच नाही, ती वरच्या विरळ हवेसाठी राखून ठेवायची, अशी ती रचना. १९७२ मध्ये याच लामाने १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने लायसन्स घेऊन बंगळुरूत ते चीता नावाने बनवायला घेतलं. ही रचना त्या काळी अव्वल होती, यात शंका नाही. पण इंजिन एकच. ते बंद पडलं तर खाली सपाट जागा हवी, आणि डोंगरात ती कुठून आणणार?

१३ एप्रिल १९८४ च्या पहाटे हीच चीता हेलिकॉप्टरं सियाचिनसाठीच्या ऑपरेशन मेघदूतची पहिली तुकडी घेऊन बिलाफोंड ला या खिंडीकडे निघाली. तुकडीचं नेतृत्व कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे कॅप्टन संजय कुलकर्णी करत होते, जे पुढे लेफ्टनंट जनरल झाले. हेलिकॉप्टरं खिंडीवर काही फुटांवर तरंगत राहिली आणि जवानांनी बर्फात उड्या टाकल्या. नंतर हवामान बिघडलं आणि तुकडी वर एकटी पडली. पाकिस्तानही तिथे चढायच्या तयारीत आहे, हे युरोपातल्या बर्फाच्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांकडून समजलं, अशी हकिगत त्या मोहिमेबद्दल नेहमी सांगितली जाते. कपडेही परदेशी, हेलिकॉप्टरची रचनाही परदेशी. हेलिकॉप्टर नसतं तर सियाचिन आपल्या हाती आलं नसतं आणि आजवर टिकलंही नसतं, हे मात्र निर्विवाद आहे.

समोरच्या बाजूलाही लामाच होतं. १ ऑगस्ट १९९२ रोजी चुलुंग भागात भारतीय जवानांनी खांद्यावरून डागायच्या रशियन इग्ला क्षेपणास्त्राने पाकिस्तानचं लामा पाडलं आणि त्यात पाकिस्तानच्या उत्तरेकडच्या भागाचे प्रमुख ब्रिगेडियर मसूद नवीद अन्वरी मारले गेले. एकाच फ्रेंच आराखड्यातून निघालेली दोन हेलिकॉप्टरं, एका बर्फाच्या नदीच्या दोन काठांवर. वरिष्ठ अधिकाऱ्याला पाहणीसाठी अशा ठिकाणी हेलिकॉप्टरने न्यावंच लागतं, आणि दरीतल्या एका माणसाच्या खांद्यावरचं नळकांडं त्याला खाली आणू शकतं, हा धडा तिथे दोघांनाही मिळाला.

या नळकांड्याचं मूळ पाहायला अफगाणिस्तानात जावं लागतं. १९७९ ते १९८९ या काळात सोव्हिएत सैन्याने तिथे तीनशेहून अधिक हेलिकॉप्टरं गमावली. अमेरिकेने मुजाहिदीनांना स्टिंगर क्षेपणास्त्रं दिली, ती पाकिस्तानच्या आयएसआयमार्फत. सप्टेंबर १९८६ मध्ये जलालाबादजवळ त्यांचा पहिला मारा झाला आणि सोव्हिएत हेलिकॉप्टरं पडली. स्टिंगरने युद्ध जिंकून दिलं, ही समजूत मात्र थोडी तपासून घ्यायला हवी. ती येण्याआधीही सोव्हिएत हेलिकॉप्टरं मोठ्या संख्येने जड मशीनगनच्या माऱ्याने, अपघाताने आणि उंचीने जात होतीच. स्टिंगर आल्यावर सोव्हिएत वैमानिक उंचावरून किंवा रात्री उडू लागले, इंजिनाच्या धुराड्याची उष्णता कमी करणारी आवरणं लावू लागले, उष्णतेचा पाठलाग करणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवायला फ्लेअर सोडू लागले. म्हणजे क्षेपणास्त्राचा मोठा परिणाम शत्रूचं वागणं बदलण्यात झाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ही शस्त्रं ज्या देशातून गेली त्या देशाला ती कशी वापरायची ते शिकायला मिळालं. पुढे पाकिस्तानने चिनी रचनेवर बेतलेली अंझा क्षेपणास्त्रंही बनवली. एका महासत्तेने दुसरीला रक्तबंबाळ करण्यासाठी आणलेलं हत्यार दहा-बारा वर्षांनी द्रासच्या डोंगरावर आपल्यासमोर आलं.

द्रासचं प्रकरण सविस्तर पाहिलं पाहिजे, कारण हेलिकॉप्टरबद्दलचे सगळे वाद तिथे एकत्र आले. मे १९९९ मध्ये कारगिल भागातली घुसखोरी लक्षात आल्यावर लष्कराने हवाई दलाकडे हल्ल्याची हेलिकॉप्टरं मागितली. हवाई दलाचे प्रमुख होते एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस. आपल्याकडची एमआय-२५ आणि एमआय-३५ ही हल्ल्याची हेलिकॉप्टरं त्या उंचीवर चालूच शकत नाहीत, असं हवाई दलाचं म्हणणं होतं, आणि विमानं वापरायची तर त्याला राजकीय परवानगी हवी, असंही. टिपणीसांनी निवृत्तीनंतर हे लेखातून सविस्तर मांडलं. लष्करप्रमुख वेदप्रकाश मलिक यांची बाजू वेगळी होती आणि तीही त्यांनी पुस्तकातून मांडली. दोन्ही वाचल्यावर माझं मत टिपणीसांच्या बाजूने झुकतं, निदान यंत्राच्या मुद्द्यावर. एमआय-३५ ची कमाल उंची साधारण साडेचार हजार मीटर. लढाई होती तिच्या आसपास आणि वर. हवेचं गणित हुकमाने बदलत नाही. पण दोन दलांनी युद्धाच्या तोंडावर हा वाद घालावा, आणि कोणतं यंत्र कुठे चालतं हे आधी ठरलेलं नसावं, याची जबाबदारी दोघांवरही येते.

२५ मे रोजी सरकारने परवानगी दिली, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही या अटीवर. २६ मे रोजी ऑपरेशन सफेद सागर सुरू झालं. २७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन रॉकेट डागल्यावर विझलं आणि ते पाकिस्तानच्या हाती लागले. मिग-२७ आपल्याकडे ओझरच्या कारखान्यात बनायची, रशियन लायसन्सवर. नचिकेतांना शोधताना स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. २८ मे रोजी तोलोलिंगवर रॉकेटं टाकायला एमआय-१७ हेलिकॉप्टरं पाठवली. एमआय-१७ हे मुळात माणसं आणि माल नेणारं हेलिकॉप्टर. बाजूला रॉकेटच्या नळ्या लावून त्याला हल्ल्याला पाठवलं, कारण त्या उंचीवर चालणारं दुसरं काही नव्हतं. मारा करून वळताना त्यातल्या एकाला क्षेपणास्त्र लागलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट सुब्रमण्यम मुहिलन, सार्जंट पीव्हीएनआर प्रसाद आणि सार्जंट राजकिशोर साहू असे चौघं गेले. पडलेल्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर सोडण्याची यंत्रणा नव्हती.

या एका वाक्यापाशी मी दरवेळी थांबतो. अफगाणिस्तानात बारा वर्षांपूर्वी जे सगळ्या जगाने पाहिलं होतं, शत्रूकडे ज्याचा साठा होता हे आपल्याला ठाऊक होतं, त्याविरुद्धची साधी बचावाची पेटी सगळ्या हेलिकॉप्टरांवर बसलेली नव्हती. त्यानंतर एमआय-१७ हल्ल्यातून मागे घेतली. विमानं क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर उंचावरून उडू लागली. १७ जूनला मुंथो ढालोचा रसदतळ उद्ध्वस्त झाला, २४ जूनला टायगर हिलवर लेझरच्या साहाय्याने नेम धरलेले बॉम्ब पडले. ते बॉम्ब टाकणारी मिराज-२००० फ्रेंच होती, नेम धरणारं लायटनिंग उपकरण इस्रायलचं, बॉम्बला जोडायचे संच अमेरिकी रचनेचे. ४ जुलैला वॉशिंग्टनमध्ये क्लिंटन यांनी नवाझ शरीफांना सैन्य मागे घ्यायला लावलं. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने लादलेले निर्बंध त्या वेळी चालूच होते, आणि त्यांचा फटका कुलाब्याला असलेल्या नौदलाच्या सी-किंग हेलिकॉप्टरांनाही बसला होता : बनावट ब्रिटिश, पण सुटे भाग अमेरिकेत अडकलेले. एकीकडून मदत, दुसरीकडून मुस्कटदाबी, आणि दोन्ही एकाच राजधानीतून.

परक्या मदतीचा आणखी एक नमुना मुंबईतच पाहायला मिळतो. पार्ल्यात राहणाऱ्याला हेलिकॉप्टरचा आवाज काही नवा नाही. एस. व्ही. रोडला लागून असलेल्या जुहू विमानतळावरून पवनहंसची हेलिकॉप्टरं बॉम्बे हायला ये-जा करतात. १९८० च्या दशकात याच पवनहंससाठी ब्रिटिश मदतीच्या पैशातून वेस्टलँड-३० जातीची एकवीस हेलिकॉप्टरं आली. वेस्टलँड कंपनीला तेव्हा गिऱ्हाइकांची निकड होती. जुलै १९८८ मध्ये वैष्णोदेवीजवळ आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये नागालँडमध्ये, म्हणजे दोन्ही वेळा डोंगरातच, ती पडली आणि माणसं गेली. १९९१ मध्ये सगळा ताफाच उभा केला. हा युद्धाचा मामला नव्हे, तरीही परक्या देशाची मदत कधी कधी त्याच्याच कारखान्याची मदत असते, हे यातून चांगलं कळतं. जुहूहून निघालेली नंतरची हेलिकॉप्टरंही समुद्रात पडली. १३ जानेवारी २०१८ ला सात जण गेले, २८ जून २०२२ ला चार. डोंगर असो की समुद्र, हेलिकॉप्टरला चुकीला माफी मिळत नाही.

पुन्हा चीताकडे येऊ. कारगिलनंतर दोन कामं समोर होती : उंचावर लढणारं हेलिकॉप्टर आणि चीताची जागा घेणारं हेलिकॉप्टर. पहिलं काम उशिरा का होईना झालं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने हलकं लढाऊ हेलिकॉप्टर बनवलं. त्याचं पहिलं उड्डाण २९ मार्च २०१० रोजी झालं आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजी ते प्रचंड नावाने हवाई दलात आलं. मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंडची ६२,७०० कोटी रुपयांची मागणी नोंदवली गेली. त्याचं शक्ती इंजिन फ्रेंच कंपनीबरोबर मिळून घडवलेलं आहे, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. कारगिल ते प्रचंड तेवीस वर्षं लागली, हे मात्र मानावं लागेल.

दुसऱ्या कामाची गोष्ट क्लेशदायक आहे. १९७ हलक्या हेलिकॉप्टरांची निविदा निघाली, युरोपीय फेनेक हेलिकॉप्टर निवडीच्या उंबरठ्यापर्यंत आलं, आणि डिसेंबर २००७ मध्ये ती रद्द झाली. पुन्हा निघाली, चाचण्या झाल्या, २०१४ मध्ये पुन्हा रद्द. मग रशियाबरोबर २०१५ मध्ये कामोव्ह-२२६टी चा करार झाला. किती भाग भारतात बनणार यावर तो अडकून पडला. आपलं स्वतःचं हलकं उपयोगी हेलिकॉप्टर ६ सप्टेंबर २०१६ रोजी उडालं, पण मोठ्या संख्येने ते अजून ठाण्यांवर पोचलेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दोनशे हेलिकॉप्टरांसाठी पुन्हा नव्याने माहिती मागवली गेली.

या काळात काय झालं? ११ मार्च २०२२ रोजी गुरेझमध्ये चीता कोसळलं. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी तवांगजवळ. १६ मार्च २०२३ रोजी अरुणाचलमधल्या मंडाला भागात. प्रत्येक वेळी वैमानिक अधिकारी गेले, शत्रूची एकही गोळी न लागता. लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक नाशिकच्या गांधीनगरमधल्या लष्करी उड्डाण प्रशिक्षण संस्थेत तयार होतात आणि तिथून निघून अशा जुन्या यंत्रात बसतात. २०१४-१५ च्या सुमारास अधिकाऱ्यांच्या पत्नींनी एकत्र येऊन ही हेलिकॉप्टरं वापरातून काढा अशी मागणी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यापर्यंत नेली. सैनिकाच्या घरातून अशी मागणी जाहीरपणे यावी, ही साधी बाब नव्हे. तिच्याकडे जेवढं लक्ष द्यायला हवं होतं तेवढं दिलं गेलं नाही.

परदेशी हस्तक्षेपाबद्दल माझं मत असं बनलं आहे की त्याची भीती बाळगण्यापेक्षा त्याचा हिशेब ठेवावा. कोणतंही सैन्य सगळं स्वतः बनवत नाही. घात होतो तो शस्त्र परकं असण्याने नव्हे, तर वेगवेगळ्या देशांकडून घेतलेल्या यंत्रांना एकमेकांची ओळख करून द्यायला आपण विसरतो म्हणून. बडगामला नेमकं हेच झालं. मित्र की शत्रू हे ओळखणारी उपकरणं जगात कधीपासून आहेत. त्या सकाळी हेलिकॉप्टरवरची ओळखयंत्रणा बंद होती, आणि खालच्या क्षेपणास्त्र चालकांनी ते शत्रूचं समजलं. तोलोलिंगला फ्लेअरची पेटी नव्हती, बडगामला ओळखीचा संकेत नव्हता. ही उपकरणं हेलिकॉप्टरच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहेत.

मग करायचं काय? आघाडीवर उडणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरवर बचावाची उपकरणं आणि चालू ओळखयंत्रणा असल्याशिवाय ते उडू नये, असा नियम कागदावर असेलच. तो मोडला तर उत्तर कुणी द्यायचं, हे जाहीर असावं. अपघातांचे चौकशी अहवाल गोपनीय भाग वगळून संसदेपुढे यावेत, निदान स्थायी समितीपुढे तरी. आणि चीताची जागा घेणारं हेलिकॉप्टर देशी असो की परदेशी, त्याची तारीख सांगावी आणि पाळावी. खासदार मत मागायला आले की त्यांना पाणी, रस्ता, पार्किंग याबरोबर हेही विचारा : सियाचिनला जाणारं चीता कधी बदलणार? पन्नास वर्षांपूर्वी बंगळुरूत बनायला लागलेलं ते यंत्र आजही तिथे उडतं आहे.